खांबावरचा ऑस्प्रे तोच आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न असा आला आहे: ऐरोलीच्या बाजूला, ठाणे खाडीत मच्छीमारांनी जाळ्यासाठी रोवलेल्या एका खांबावर सलग तीन हिवाळे ऑस्प्रे, म्हणजे हिवाळ्यात येणारा मासेखाऊ शिकारी पक्षी, बसलेला दिसतो. तो तोच पक्षी असतो का? मधेच तो दिसेनासा होतो, तेव्हा कुठे जातो? आणि त्याला जीपीएस टॅग लावला तर हे सगळं कळेल का?

टॅगचं आधी सांगून टाकते, कारण बहुतेकांची गाडी तिथूनच सुटते. तुम्हाला-मला टॅग लावता येणार नाही. ऑस्प्रे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला नुसतं पकडायचं म्हटलं तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आणि केंद्राची परवानगी लागते, आणि ती संशोधन संस्थेला मिळते, हौशी माणसाला नाही. शिवाय हिवाळी मुक्कामावर हा पक्षी पकडणं फार कठीण. जगभरात ऑस्प्रेला टॅग लागतात ते बहुतेक वीण होते त्या देशांत. तिथे पिल्लं घरट्यात असतात, आणि मोठे पक्षीही घरट्याच्या ओढीने जवळ येतात. आपल्याकडे त्याला ना घरटं, ना पिल्लं, ना कसली ओढ. मासा आणि बसायला उंच जागा, एवढ्यावर त्याचे पाच-सहा महिने निघतात.

तरी टॅग काय करतो ते माहीत असावं. ऑस्प्रेचं वजन साधारण सव्वा ते दोन किलो. पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त ओझं पाठीवर नको, असा संकेत आहे. वीस-तीस ग्रॅमचा, सौरऊर्जेवर चालणारा टॅग त्यात बसतो. एक प्रकार उपग्रहाला माहिती पाठवतो. दुसरा माहिती साठवून ठेवतो आणि मोबाइलचं नेटवर्क मिळालं की पाठवतो, म्हणजे मुंबईत त्याची चंगळच. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना असेच टॅग लावले, आणि त्यातले पक्षी गुजरातपर्यंत जाऊन आल्याचं नकाशावर दिसलं. युरोपातल्या टॅग लावलेल्या ऑस्प्रेंनी मात्र आपल्या कामाची एक गोष्ट दाखवून दिली आहे. ब्रिटनमध्ये वीण करणारे ऑस्प्रे सेनेगल, गांबिया, गिनी अशा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात, आणि प्रौढ पक्षी दर वर्षी त्याच किनाऱ्याच्या त्याच तुकड्यावर, कित्येकदा त्याच झाडावर येऊन बसतो. हजारो किलोमीटर उडून येतो आणि मग दोन-चार किलोमीटरच्या बाहेर फारसा जात नाही. आपल्याकडचे पक्षी उत्तर आशियाच्या बाजूने येणारे, पण जात तीच, खोडही तीच.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा तोच. पण ‘बहुधा’ हा शब्द वहीत जसाच्या तसा लिहा. कारण चांगला खांब म्हणजे मुंबईतली चांगली खोली. भाडेकरू गेला तरी ती रिकामी राहत नाही. तीन वर्षं एका खांबावर ऑस्प्रे दिसला यावरून खांब चांगला आहे एवढं नक्की ठरतं.

आता मधूनच गायब होण्याबद्दल. इथे मी स्वतः तोंडघशी पडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी खाडीतल्या अशाच एका खांबावर नजर ठेवून होते. नोकरी असल्यामुळे जायचे फक्त रविवारी, सकाळी आठला हजर, साडेनऊला परत. दोन महिन्यांनी वही उघडली तर नमुना इतका स्वच्छ की माझाच विश्वास बसेना. एक रविवार पक्षी आहे, पुढचा रविवार नाही, त्यापुढचा आहे, मग नाही. मी सिद्धान्तच मांडून मोकळी झाले: हा एक आठवडा इथे आणि एक आठवडा उरणच्या बाजूला असतो. गटातल्या दोघांना उरणला पिटाळलंसुद्धा. त्यांना तिथे एक ऑस्प्रे दिसला, मग काय, सिद्धान्त पक्का!

तो मोडला एका कोळी काकांनी. त्यांच्या होडीतून जात होतो. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तुमचा पाहुणा आठवड्याआड येतो. ते हसले आणि म्हणाले, “ताई, तो रोज हितंच हाय. तुमी येता तवा पानी नसतंय. पानी नाय तं मासा नाय, मासा नाय तं तो कशाला बसल?”

किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास पाणी पूर्ण भरतं. पहाटेचं आणि दुपारनंतरचं मिळून दिवसातून दोनदा. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे जाल तशी ती आणखी थोडी उशिरा. आता माझे रविवार त्यात बसवा. एका रविवारी नवमी आली, तर भरती पावणेसातच्या सुमारास. आठला पाणी नुकतंच उतरू लागलेलं, ऑस्प्रेने मासा धरलेला आणि तो खांबावर निवांत खात बसलेला. पुढच्या रविवारी प्रतिपदा-द्वितीया. भरती रात्री एक-दीडला होऊन गेलेली, आठ वाजता पार ओहोटी, खांबाखाली नुसता चिखल. पक्षी दूर, खोल पाण्याच्या बाजूला. त्यापुढचा रविवार पुन्हा अष्टमी-नवमीच्या जवळ. सात दिवसांत तिथी सातने पुढे सरकते आणि भरतीची वेळ साधारण सहा तासांनी. चौदा दिवसांत चक्र जवळजवळ जागेवर येतं. आठवड्याआड येणारा पक्षी नव्हताच. आठवड्याआड येत होती ती भरती, माझ्या ठरलेल्या वेळेला.

उरणला पाठवलेल्या दोघांना मी हे किती दिवसांनी सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

म्हणून तुमच्या वहीत तारीख आणि वेळेच्या शेजारी भरतीची वेळ लिहिलेली नसेल, तर ‘दोन आठवडे गायब’ या नोंदीला काही अर्थ नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. कालनिर्णय भिंतीवर असेल तर पाऊणपटीचा हिशेब तोंडीही जमतो. तुम्ही कधी जाता ते मला माहीत नाही, पण माझी पैज आहे की तुमचाही वार आणि वेळ ठरलेली असणार.

ऑस्प्रेची मासेमारी पाण्याच्या पातळीला बांधलेली आहे. तो वरून पाय पुढे करून पाण्यात शिरतो, पण साधारण मीटरभरच. त्याला मासा वरच्या थरात लागतो. आपल्या खाडीत तो काम भागवतो बहुतेक बोय या माशावर, कारण बोय पाण्याच्या वरच्या अंगाला फिरते आणि भरतीबरोबर चिखलाच्या पट्ट्यांवर, तिवरांच्या कडेपर्यंत चढते. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते. तळव्यांना काटेरी खवले असतात, म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही. उडताना मासा डोकं पुढे करून धरलेला दिसतो. घारीच्या पायातला मासा आडवातिडवा लोंबतो. लांबून कोण उडतंय कळत नसेल, तर ही खूण उपयोगी पडते.

ओळखीचा घोटाळा इथे बरेचदा होतो. वरून पिंगट, खालून पांढरा, डोळ्यातून मानेपर्यंत जाणारा गडद पट्टा, पंख लांब आणि मनगटाशी मोडल्यासारखे, तो ऑस्प्रे. मराठीत कोणी मीनघार म्हणतं, कोणी कैकर. ब्राह्मणी घार तांबूस अंगाची आणि डोक्या-छातीने पांढरी. पाठीमागून ऊन असलं की मात्र भल्याभल्यांची फसगत होते. तिवरांवरून संथ फेऱ्या मारतो तो बहुतेक दलदली भोवत्या (मार्श हॅरियर). शिकारी पक्ष्यांच्या नोंदी तपासताना मी ‘ऑस्प्रे, उडताना, लांबून’ असं दिसलं की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते. लोक रागावतात.

दुसरं म्हणजे दिवसातला बराचसा वेळ तो काहीच करत नाही. मध्यम आकाराचे एक-दोन मासे मिळाले की त्याचा दिवस भागतो. एक मासा खायला तास तासभर लागू शकतो, आणि उरलेला वेळ तो खांबावर, मनोऱ्यावर, पुलाच्या दिव्याच्या खांबावर बसून असतो. म्हणून हिवाळी मुक्कामावर माग काढायचा म्हणजे त्याच्या बसण्याच्या जागांचा हिशेब ठेवायचा. होडी घेऊन त्याच्यामागे फिरलात तर तो तुमच्यामुळे कुठे जातो एवढंच कळेल.

मी नोंद अशी करते. प्रत्येक जागेला नंबर देते: खांब १, खांब २, विजेचा मनोरा ३, पुलाचा कठडा ४. प्रत्येक फेरीला सगळ्या जागा त्याच क्रमाने बघायच्या आणि पक्षी नसला तर ‘नाही’ असं लिहायचंच. रिकामी नोंद लिहिताना कंटाळा येतो, पण त्या ‘नाही’शिवाय ‘आहे’चं वजन कळत नाही. शेजारी भरतीची अवस्था, वारा, मासा होता का, घारींनी किंवा कावळ्यांनी पिटाळलं का. मासा घेऊन बसलेल्या ऑस्प्रेच्या मागे घारी लागतात, आणि घारींना मुंबईत काय तोटा! असा पिटाळलेला पक्षी नेहमीचा खांब सोडून भलतीकडे बसतो. त्या दिवशी ‘नवी जागा सापडली’ म्हणून आनंद करायचा नाही.

पक्षी एक की दोन, हे एकट्या माणसाला कधीच ठरवता येत नाही. त्याला एकाच मिनिटाला मोजणी लागते. एक जण भांडुप पंपिंग स्टेशनला, एक ऐरोलीला, एक वाशीच्या पुलाच्या बाजूला. ठरलेल्या वेळी तिघांनीही आपापला पक्षी दिसतोय का ते बघायचं आणि फोटो काढायचा. पाच मिनिटांची ढील चालत नाही. खाडी ओलांडून भांडुपहून ऐरोलीला यायला त्याला चार-पाच मिनिटं पुष्कळ झाली. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दिसले तर किमान तीन पक्षी, एवढंच म्हणायचं. ‘किमान’ हाही वहीत राहू द्यायचा शब्द.

आता तोच पक्षी ओळखण्याबद्दल. पायात ओळखीसाठी घातलेलं कडं असेल तर प्रश्नच मिटला, पण आपल्याकडे कडंवाला ऑस्प्रे दिसणं म्हणजे नशीब. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालते आहे. परदेशात घातलेली रंगीत कडीही असतात. दिसलंच, तर रंग, डावा पाय की उजवा आणि अक्षरं तीन वेगवेगळ्या फोटोंत वाचून मगच कळवा. ‘बी’चा ‘आठ’ करणारे डोळे मी खूप पाहिले आहेत, त्यात माझेही आहेत. धातूचं साधं कडं खांबावरच्या पक्ष्याच्या पायात स्कोपमधूनही वाचता येईल याची खात्री नाही. असं कडं ‘आहे’ एवढी नोंदही मोलाची.

कडं नसेल तर डोकं बघा. डोक्याच्या पांढऱ्यावर जे गडद ठिपके आणि रेघा असतात, त्यांचा नकाशा पक्ष्यागणिक वेगळा असतो. डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरून, असे तीन फोटो दर हिवाळ्याच्या सुरुवातीला काढून ठेवा. छातीवरचा पिंगट पट्टाही बघा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. मादीत तो साधारणपणे गडद असतो, पण गडद पट्टा म्हणजे मादीच, असं नाही. पंखातलं तुटलेलं किंवा गळलेलं पीस त्याच हिवाळ्यापुरती खूण म्हणून चालतं. प्रौढ पक्षी पिसं बदलायचं बरंचसं काम इथेच, मुक्कामावर करतात. नोव्हेंबरातली फट जानेवारीत भरलेली असते, म्हणून वर्षावर्षांची ओळख त्यावर नाही.

याच फोटोंनी माझा आणखी एक फुगा फुटला. ‘माझा’ म्हणून जो पक्षी मी दोन हिवाळे लिहीत होते, ते दोन पक्षी निघाले. पहिल्या वर्षीचा प्रौढ होता. दुसऱ्या वर्षीच्या पाठीवर प्रत्येक पिसाला फिकट किनार, खवल्या-खवल्यांची पाठ, डोळ्यात पिवळ्याऐवजी नारिंगी झाक. म्हणजे त्याच उन्हाळ्यात जन्मलेलं पोर, पहिल्यांदाच इथवर आलेलं. पहिल्याच वर्षी यातले अर्ध्याहून जास्त मरतात. जो जगतो तो मुक्कामाची जागा शोधत भटकतो आणि रिकामा खांब दिसला की धरतो. प्रौढाचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की नकाशा काढायचा मोह होतो. काढा, पण सगळ्यात बाहेरचे ठिपके रेघेने जोडून ‘हा त्याचा इलाखा’ म्हणू नका. दूरदूरचे ठिपके असे जोडलेत तर त्या आकृतीत मधली वस्तीही येऊ शकते, आणि तिथल्या इमारतींत ऑस्प्रे मासे धरत नाही. कुठे किती वेळ बसला हे दाखवणारा नकाशा काढा, गर्द-फिकट रंगांचा. टॅगवाल्यांचा कच्चा माल बघायचा असेल तर मूव्हबँक या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे मार्ग आहेत. तिथे एक गोष्ट लक्षात येईल. ठिपका हलायचा थांबला की पक्षी मेला, टॅग गळला की नुसती बॅटरी उतरली, हे नकाशा सांगत नाही. शेवटी कोणाला तरी चिखल तुडवत जाऊन बघावं लागतं.

जागेबद्दल थोडं. २०१५ साली खाडीचा जवळपास १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, त्यामुळे वाट्टेल तिथे उतरता येत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी होडी भरती बघूनच निघते, म्हणजे ती वेळ ऑस्प्रेलाही धार्जिणी. गर्दी फ्लेमिंगोंकडे बघत असते, तुम्ही खांबांकडे बघा. माणूस बांधावरून पायी येताना दिसला की ऑस्प्रे लवकर उठतो. रोजच्या मासेमारीच्या होडीचं त्याला फारसं काही वाटत नाही. ड्रोन अजिबात नको. आणि कोळ्यांच्या होडीतून गेलात तर दिवसाचे पैसे पूर्ण द्या, त्यांची भरती तुमच्यावर गेलेली असते.

गोड्या पाण्यावर हे गणित बदलतं. पवई-विहारला किंवा तिकडे भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, भरती नाही. तिथे वारा आणि ऊन बघावं लागतं. लाटा उठल्या की वरून मासा दिसत नाही. त्या वहीत भरतीच्या रकान्याऐवजी वाऱ्याचा रकाना ठेवा.

हंगामाचा शेवटही नीट लिहा. हे पक्षी सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत निघतात. शेवटचा दिसला त्या तारखेनंतर भरतीची वेळ साधून किमान चार रिकाम्या फेऱ्या व्हायला हव्यात, तेव्हा कुठे ‘गेला’ म्हणता येतं. मे महिन्यातही खांबावर कोणी बसलेलं दिसलं, तर दचकू नका. पहिल्या वर्षीची पोरं बहुतेक उन्हाळाभर मुक्कामाच्या मुलखातच राहतात, उत्तरेला परतायला त्यांना आणखी एक वर्ष तरी लागतं. पण मेपर्यंत पाठीवरची ती फिकट किनार झिजून गेलेली असते आणि पोर की प्रौढ हे सांगणं जड जातं. त्याच पक्ष्याचा पाठीमागून काढलेला डिसेंबर-जानेवारीतला फोटो तुमच्याकडे हवा. यंदाचा काढलेला नसेल, तर पुढच्या रविवारी तिथी बघून निघा.